तीन वेढे

शुक्रवारी दुपारी बाबा घरापुढच्या खळ्यात बसून गळांना दोरी बांधत होते. गळाला आमच्याकडे गरी म्हणतात आणि त्या काचेसारख्या नायलॉनच्या दोरीला तंगूस. मी समोरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. दिवाळी संपून चार दिवस झाले होते आणि कोल्हापूरला कॉलेज उघडायला अजून आठवडा होता. आत आई बांगडे साफ करत होती, आणि मांजर तिच्या नि दाराच्या मध्ये येरझाऱ्या घालत होतं.

"काय वाचतंस गो?" बाबांनी विचारलं.

"पत्रा असत. एका बाईन आपल्या भयणीक लिहिलेली."

"दुसऱ्याची पत्रा वाचूची नसतत."

"छापलीत बाबा ती."

"म्हणजे सगळ्यांनीच वाचली. बिचारी."

मी हसले, पान उलटलं, आणि मग कशासाठी तरी मान वर केली. त्यांच्या लुंगीवर रक्ताचे चार-पाच थेंब पडले होते. उजव्या तर्जनीत गरीचं टोक रुतलेलं होतं आणि बाबा शांतपणे दुसऱ्या हाताने गाठ आवळत होते.

"बाबा, बोट."

त्यांनी बोटाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचं तरी बोट असावं तसं पाहिलं. मग टोक बाहेर काढलं, बोट लुंगीला पुसलं आणि आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली.

"कळला नाय तुमका?"

 ते पुढची गरी उचलायला गेले, ती दोनदा हातातून निसटली.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, त्या बोटाला आमच्या वाघबंदर गावात नाव होतं. हातगरीवाले आमच्याकडे पुष्कळ. त्यांच्याजवळ काठी नसते, रीळ नसतं. तंगूस तर्जनीवरून पाण्यात सोडायचं आणि बोटावर जे येईल ते ओळखायचं. तांबोशी एकदा ओढते आणि थांबते. गोबरा आमिष तोंडात घेऊन नुसता बसून राहतो. कोकर विचारबिचार करत नाही, घेऊन सरळ निघतो. भिवा तारीच्या बोटाला मासा तोंड लावायच्या आधी कळतं, असं लोक म्हणायचे, आणि बाबा ते खोडून काढत नसत.

"कधीपासून?" मी हळू आवाजात विचारलं.

"गणपतीपासून. पयलो अंगठो गेलो, मगे ह्या."

"डॉक्टरांका दाखवलात?"

"साखर म्हणता. गोळये दिल्यानीत." त्यांनी आवाज आणखी खाली नेला, स्वयंपाकघराकडे मान केली. "आवशीक सांगू नको. आणि येश्याक तर नायच नाय. तो गावभर करूचो नाय, ता माका ठावक आसा. पण माझ्याकडे बघताना तेचे डोळे बदलतले. ता माका नको."

"मगे उद्या कित्याक जातास?"

"नाव दिलाहा. मागे घेतला तर इचारतले."

उद्या गरवण्याची स्पर्धा होती. गावातलं मंडळ आणि किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणारे परुळेकर यांनी मिळून ती सुरू केली होती, त्याचं हे तिसरं वर्ष. पुण्याहून, गोव्याहून, बेळगावहून साठ-एक माणसं रंगीत काठ्या घेऊन आली होती. मासा धरायचा, आकडे छापलेल्या पट्टीवर आडवा ठेवून त्याचा फोटो काढायचा, तो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा आणि मासा परत पाण्यात सोडून द्यायचा, असा नियम होता. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबांनी परुळेकरांना विचारलं होतं, "सोडूचोच असात तर तेका उगाच कित्याक बोलवूचो?" या वर्षी पहिल्यांदाच होड्यांना परवानगी होती.

बोलता बोलता त्यांनी उरलेलं तंगूस लाकडी चक्रीवर गुंडाळायला घेतलं, तशी मला एक जुनी गोष्ट आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्यांच्याबरोबर होडीत बसले होते आणि चाळा म्हणून तंगूस तळहाताभोवती गुंडाळत होते. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला होता. जन्मात मारलेला तेवढा एकच. मग स्वतःच ते तंगूस सोडवलं आणि म्हणाले, "मासो लागलो की एकतर ओढूचो, नायतर सोडूचो. वेढो घेतलंस तर सोडूचा तुझ्या हातात रवणा नाय."

संध्याकाळी येसूकाका आले. येसू गिरकर, बाबांच्या तोंडी येश्या. होडी त्यांची, इंजिन त्यांच्या हातात, गरी बाबांच्या. चाळीस वर्षं दोघांनी एकाच होडीत काढली होती. ते पायरीवर टेकले आणि चहा यायच्या आधीच बोलले.

"भिवा, बंदरार तीन नंबरचो बावटो लागलो."

"लागांदे."

"वादळ लांब आसा म्हणतत. ओमानाक चलला."

"मगे तू काय तेका पोचवूक चललंस?"

"दर्यो बरो दिसणा नाय माका. वारो नाय आणि लाटो येतत."

"दर्यो तुका कधी बरो दिसलो, येश्या? लग्नाच्या दिवशीसुद्धा म्हणालंस, आज नको, ढग असत."

"म्हणालंय. आणि ऐकूक होया होता कोणीतरी," येसूकाका म्हणाले. आई आतून हसली. मग चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "दोघांनीय घराक रवा. मासे काय पळान जातत?"

"उद्याचे मासे मोजूचे असत गो, खावचे नाय," बाबा म्हणाले. "तुका कळाचा नाय."

येसूकाका माझ्याकडे वळले. फोटो काढायला त्यांचा पुतण्या येणार होता, तो तापाने पडला होता. "तू ये गो उल्का. त्या फोनातला माका एक कळणा नाय, आणि तुझ्या बापाशीक दोन."

मी बाबांकडे पाहिलं. ते चहात बघत होते. मी येते म्हटलं. वाटलं, मी असले तर लक्ष ठेवीन.

सकाळी साडेसहाला आम्ही किनाऱ्यावर होतो. आभाळ निवळ होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं, माडांची झावळं हलत नव्हती, आणि तरी समुद्र उठत होता. पश्चिमेकडून लांबलचक, गुळगुळीत लाटा येत होत्या. फुटत नव्हत्या, नुसत्या खालून उचलत होत्या. मंडळाच्या पोरांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की होड्यांनी देवखडपाच्या पलीकडे जायचं नाही आणि अकराला परत यायचं. देवखडप म्हणजे किनाऱ्यापासून मैलभर आत असलेली काळ्या खडकांची रांग. भरतीला ती झाकली जाते.

आमच्याकडे होडी पाण्यात लोटताना आणि परत ओढून वर घेताना किनाऱ्यावर जो कोण असेल तो खांदा लावतो. बोलवायचं नसतं. होडी दिसली की उठायचं. ज्यांच्याशी चार वर्षं बोलणं नाही तेसुद्धा उठतात, खांदा लावतात, न बोलता परत जागेवर जाऊन बसतात. त्या सकाळी येसूकाकांच्या होडीला आठ-नऊ जण लागले. कुणीतरी म्हणालं, "भिवाकाका, आमच्यासाठी दोन ठेवा." बाबा म्हणाले, "तुमच्यासाठी फोटो ठेवतंय."

येसूकाका मागे इंजिनाजवळ बसले. बाबा पुढे, नाळीकडे म्हणजे होडीच्या टोकाकडे तोंड करून, त्यांना पाठमोरे. मी दोघांच्या मध्ये, बाबांच्या बाजूला जरा आडवी. माझ्या गुडघ्याजवळच्या फळीत नेहमीची सुरी खोचलेली होती. मंडळाने नारिंगी जाकिटं दिली होती. येसूकाकांनी घातलं, मलाही घालायला लावलं आणि बंद स्वतः ओढून पाहिले. बाबांनी आपलं जाकीट बुडाखाली घेतलं. "मऊ आसा," ते म्हणाले.

देवखडपाच्या अलीकडे, लाटा जिथे खडकाला लागून परततात तिथे, येसूकाकांनी इंजिन मंद केलं. बाबांनी बांगड्याचा तुकडा लावून गरी सोडली. तंगूस नेहमीसारखं तर्जनीवर घेतलं. थोडा वेळ गेला. त्यांनी बोट जरा उचललं, पुन्हा टेकवलं. मग डाव्या हाताने तंगूस उजव्या मनगटाभोवती घेतलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. घाई नव्हती त्यात. हे ते पहिल्यांदा करत नव्हते.

मग त्यांना कळलं की मी बघते आहे.

"तू फोनाचा बघ," ते म्हणाले.

मी फोनचं बघितलं. तो पूर्ण चार्ज होता, नेटवर्कच्या दोन रेघा होत्या.

पाऊण तासाने पहिला मासा लागला. बाबांचा हात एकदम खाली गेला, त्यांनी दोन्ही हातांनी ओढत ओढत तांबोशी वर घेतली. मी पट्टी पसरली. एक्केचाळीस सेंटिमीटर. बाबांनी ती हलू नये म्हणून शेपटीपाशी हात ठेवला, मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. बाबांनी तिला पाण्यात सोडलं, ती खाली जाईपर्यंत बघत राहिले, आणि मग माझ्याकडे झुकले. इंजिनाच्या आवाजात मागे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "हडे कळता गो." आणि मनगटावर टिचकी मारली.

त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मीही हसले.

साडेनऊनंतर लाटा वाढल्या. होडी वर जायची तेव्हा किनारा, मांडव, माणसं दिसत. खाली यायची तेव्हा सगळीकडे पाणी. दोन होड्या आमच्या डोळ्यांसमोर परत फिरल्या. देवखडपावर आता पांढरं दिसू लागलं होतं.

"भिवा, बस झाला," येसूकाका म्हणाले. "आतून येतत लाटो. चल."

"एक डाव."

"तुझो एक डाव माका चाळीस वर्सा ठावक आसा."

"शेवटा आसा एक जिवंत. तो घालतंय, मगे जावया."

"उल्का, तू तरी सांग तेका."

मी सांगू शकले असते. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. बाबा तो छोटा शेवटा मासा आमिषासाठी मुठीत धरून बसले होते, आणि मी म्हटलं, "काका, वायच रवया. एकच."

येसूकाकांनी मान हलवली आणि होडीचं तोंड लाटेकडे धरलं.

बाबांनी शेवटा गरीला लावला, सोडला, वेढे घेतले. या वेळी मी बघतही नव्हते. मला आवाज ऐकू आला, तंगूस होडीच्या काठावर घासल्याचा, कापड फाटावं तसा. बाबा उभे राहिले होते. उजवा हात पुढे ताणलेला होता, डाव्या हाताने त्यांनी कोपराजवळ धरलं होतं.

"कोकर," ते म्हणाले. "कोकर आसा, येश्या. मोठो."

"बस खाली!"

"कळलो गो उल्का," ते हसत म्हणाले. "खांद्यापर्यंत कळलो."

त्याच वेळी लाट आली. होडीची नाळ वर गेली. मासा खाली चालला होता आणि होडी वर, आणि त्या दोघांच्या मध्ये बाबांचा हात होता. ते ओरडले नाहीत. कुणीतरी हाक मारल्यावर माणूस वळून जातो, तसे ते काठावरून पुढे गेले. पाणी फारसं उडालंसुद्धा नाही.

माझ्या हातात फोन होता. पुढच्या फोटोसाठी मी तो आधीच काढून धरला होता. मी तो टाकला आणि सुरी उपटली. पण कापायला काही नव्हतं. तंगूस पाण्याखाली होतं. मी सुरी धरून काठावर वाकून बसले, आणि हिरवं पाणी वर येत होतं, खाली जात होतं.

ते एकदा वर आले. वीस-पंचवीस हात लांब, देवखडपाच्या बाजूला. डोकं दिसलं, डावा हात दिसला. उजवा दिसला नाही. तोंड आमच्याकडे होतं. मग ते डोकं एका बाजूला ओढलं गेलं आणि मागे नुसतं पाणी उरलं.

येसूकाकांनी होडी तिकडे घातली. मी त्यांच्याकडे वळले तेव्हा त्यांचा एक हात इंजिनावर होता आणि दुसऱ्याने ते जाकिटाचे बंद ओढून सोडवत होते. जाकीट अर्धं उतरलं. ते उभे राहिले. डावा पाय काठावर ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला इंजिन धरता येत नव्हतं. माझ्या मागे, फार तर तीस हातांवर, देवखडप पाणी ओकत होता.

ते खाली बसले. इंजिन दोन्ही हातांनी धरलं आणि होडी खडकापासून वळवली.

आम्ही फिरत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ते फक्त "भिवा" म्हणत होते, ओरडून नाही, खोलीत हाक मारावी तसे. बाकीच्या होड्या आल्या. मासेमारीचा एक मोठा ट्रॉलर आला. दुपारी मला कुणीतरी दुसऱ्या होडीत घेतलं. माझ्या मुठीतून सुरी सोडवून घ्यावी लागली.

सोमवारी सकाळी ते दक्षिणेकडे खाडीच्या तोंडाशी सापडले. ओळख पटवायला मी गेले, आई जाण्यासारखी नव्हती. अंगावर जागोजागी खडकाच्या जखमा होत्या. तंगूस केव्हाच तुटून गेलं होतं. उजव्या मनगटावर, काकणं असावीत तशा, एकाशेजारी एक तीन बारीक निळ्या रेघा होत्या. बरोबरचे कुणी म्हणाले, "खडपार घासलो बिचारो." मी चादर हातावर ओढून घेतली.

पोलिसांनी जबाब घेतला. लाट आली, ते उभे होते, तोल गेला, असं मी सांगितलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

तिसऱ्या दिवशी येसूकाका आमच्या मागच्या दाराशी आले. पुढच्या दाराने आले नाहीत. मी विहिरीवर होते. ते चार पावलांवर उभे राहिले, टॉवेल हातात पिळत.

"उल्का, एक इचारतंय. तेणां सोडूक कित्याक नाय?"

"काय?"

"तंगूस. कोकर लागलो, दर्यो तसो, आणि तेणां सोडूक नाय. चाळीस वर्सा बघलंय मी तेका. सोडणारो माणूस तो. मोठ्यातलो मोठो मासो हसत सोडायचो." ते थांबले. "तू जवळ होतंस. तुका काय दिसला?"

घरात आई बायकांना सांगत होती. मला ते विहिरीपर्यंत ऐकू येत होतं. "असो हात कोणाचो नव्हतो," ती म्हणत होती. "तेंच्या बोटाक दर्याच्या बुडचा कळायचा. येश्यान नेल्यान तेंका उधाणात."

"माका काय दिसाक नाय, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि आले तसे गेले.

येसू गिरकराला कुणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्या गावात बोलत नाहीत. येश्यानं उडी मारली नाही, होडी वाचवली, एवढं घराघरांत बोललं गेलं आणि ते संपलं. तेराव्यानंतर मी कोल्हापूरला निघाले त्या सकाळी बस यायला वेळ होता म्हणून किनाऱ्यावर गेले होते. येसूकाकांची होडी लागली. पुळणीवर दहा-बारा माणसं जाळी सोडवत बसली होती. एकही उठला नाही. काका खाली उतरले, इकडेतिकडे पाहिलं नाही, दोरी खांद्यावर घेतली. वरून काकी धावत आल्या. दोघांनी मिळून ती वीतवीत वर घेतली. माणसं जाळ्याकडे बघत होती. मीही तिथेच होते. माझ्या खांद्यावर प्रवासाची पिशवी होती.

नऊ वर्षं मी दर दिवाळीला ते पाहिलं. पुढे त्यांनी मोठी होडी काढून टाकली आणि एक लहान घेतली, दोघांना ओढता येईल अशी. मग काकींचे गुडघे गेले.

मी दरवेळी ठरवायचे की आईला सांगायचं. दरवेळी आई बाबांच्या बोटाचं काहीतरी काढायची. परगावच्या माणसांनासुद्धा सांगायची. तिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच, आणि ते मी कसं काढून घेणार होते, असं मी स्वतःला समजावत असे. त्यात दुसरंही एक होतं. वेढ्याचं सांगायचं तर मी तो पाहिला होता हे सांगावं लागलं असतं, आणि मग लोकांनी पुढचं विचारलं असतं.

तो फोन मी बदलला, पण फोटो जपून ठेवला. तांबोशीचा. त्या दिवशी साठ-सत्तर माणसांनी तो पाहिला होता, कितीतरी जणांनी अंगठे टाकले होते. सगळ्यांनी मासा पाहिला. आकडे पाहिले. शेपटीशेजारी एक हात आहे आणि त्याच्या मनगटावर ऊन पडून तीन रेघा चकाकत आहेत, हे एकालाही दिसलं नाही.

आई या आषाढात गेली. घर आवरायला मी दिवाळीनंतर आले, तर परुळेकर दारात. स्पर्धा मध्ये दोन वर्षं बंद होती, पुन्हा सुरू झाली तेव्हापासून त्यांनी हातगरीला वेगळी ढाल ठेवली होती, बाबांच्या नावाची. आजवर मी टाळत आले होते. ते म्हणाले, "मॅडम, यंदा तुम्हीच द्या. आता घरातलं तुम्हीच आहात."

काल सकाळी मी मांडवात बसले होते. शेजारच्या खुर्चीवर लाल मखमलीत ती ढाल. समुद्र शांत होता. पुण्याकडचा एक तरुण माइकवर सांगत होता की इथल्या एका कोळ्याच्या बोटाला मासा तोंड लावायच्या आधीच कळायचं. त्याने बाबांना कधी पाहिलं नव्हतं. मांडवाच्या सावलीत गावातली माणसं बसली होती, बाबांबरोबरची आता थोडी, बाकी त्यांची मुलं.

दहाच्या सुमारास ती लहान होडी लागली.

येसूकाका पंच्याहत्तरीला आले आहेत. ते पाण्यात उतरले, गुडघाभर पाण्यात जरा थांबले, दोरी खांद्यावर घेतली. होडी वाळूला टेकली आणि अडली. ते ओढत होते, थांबत होते, ओढत होते. मांडवातली सगळी माणसं दिसत होती त्यांना, आणि सगळ्यांना ते दिसत होते. माइकवर बोलणं चालू होतं.

मी उठले. परुळेकरांना वाटलं मला पाणी हवं आहे. मी चपला मांडवात काढल्या, खाली गेले, साडी खोचली आणि होडीच्या मागच्या बाजूला खांदा लावला. काकांनी मान वळवून पाहिलं.

"मेल्या चेडवा, तुझी साडी," ते म्हणाले.

"ओढा तुमी."

आम्ही ओढली. होडी हलली नाही. पुन्हा ओढली. लाट आली तेव्हा ती हातभर वर सरकली आणि लाट गेली तशी परत खाली आली. माझ्या खांद्याला फळी लागत होती. काकांचे पाय वाळूत रुतत चालले होते. आम्हां दोघांच्याने ते होणार नव्हतं. हे त्यांनाही कळत होतं, पण ते पुन्हा ओढायला वाकले.

"काका, थांबा."

मी होडी सोडली आणि सरळ उभी राहिले. मांडवात माइकवरचं बोलणं थांबलं होतं. लोक आमच्याकडे बघत होते. मी वर्गात शिकवताना बोलते तेवढ्या मोठ्याने बोलले, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या.

"तुमी माका विहिरीर इचारलात, बाबांनी सोडूक कित्याक नाय. तेंका सोडूक येयना नाय होता, काका. तेंच्या बोटांक काय कळत नव्हता, म्हणान तेंनी तंगूस मनगटाक गुंडाळलेला. तीन वेढे. मी बघलंय. मी बघलंय आणि गप रवलंय. तुमी परत जावया म्हणालात आणि मी रवया म्हणालंय. तुमी उडी मारूक उठलेलात, काका, पाय काठार ठेवलेलात. माझ्यासाठी बसलात."